मौन म्हणजे संमती काय?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासमोर कल्याण येथे दिलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी विस्तारून)





या व्यासपीठावरून दरवर्षी शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा, मुलींची गळती अशा विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. यंदा विषय निवडण्याची मोकळीक चिटणीससाहेबांनी मला दिली. मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला मी होकार समजले नाही. पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बोला, पण जपून बोला." तेव्हा जपून बोलते; पण आडवळणाने बोलणार नाही.

विषय असा की, स्त्रीपुरुषसंबंधात संमती कशाला म्हणायचे, याची आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींची समजूत काय आहे, आणि ती समजूत त्यांना कोठून मिळाली. पालकांपैकी काहींच्या कपाळावर आठी पडली आहे, ती मला येथून दिसते. निकाहाबाहेरच्या संबंधांना ही बाई परवानगी देते आहे की काय, अशी शंका मनात आली असेल. हराम ते हरामच. त्याविषयी बोलायला या गावात माझ्यापेक्षा जाणकार उलेमा आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या मुलीवर तिच्या मनाविरुद्ध हात टाकला गेला, तर ती गोष्ट गुन्हा आहे हे त्या मुलाला कळते का? आणि आपण नको म्हटले तर ते नको ऐकले जाईल, असा भरवसा त्या मुलीला आहे का? ज्या घरात या प्रश्नांवर बोलणे निषिद्ध आहे, त्या घरातील मुले त्यांची उत्तरे मोबाईलवरून आणि मित्रांकडून मिळवतात. ती उत्तरे कशी असतात, ते ऐका.

मी कल्याण न्यायालयात वकिली करते. त्या निमित्ताने कधी कधी महाविद्यालयांत कायद्यावर बोलायला जाते. तेथे मुलांना एक कोरी चिठ्ठी देते आणि नाव न घालता एका प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगते : समोरची व्यक्ती राजी आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता? उत्तरे ठरलेली असतात. "ती काही बोलली नाही." "ती रात्री मेसेजला उत्तर देते." "काळ्या तलावावर भेटायला आली, म्हणजे समजायचे." "गाडीवर मागे बसली." "आधी नाही म्हणाली, पण मुली आधी नाहीच म्हणतात." मुलींच्या चिठ्ठ्या निराळ्या असतात. "नाही म्हटले तर तो रागावेल." "एकदा हो म्हटल्यावर मग नाही कसे म्हणायचे?" एका चिठ्ठीवर फक्त एवढेच होते : "मला कोणी विचारलेच नव्हते." ती चिठ्ठी कोणाची हे मला माहीत नाही, माहीत असते तरी सांगितले नसते.

या चिठ्ठ्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध अशी सगळी मुले आहेत. शब्द वेगळे असतात, समजूत एकच असते. मुलीने आरडाओरडा केला नाही, ती पळाली नाही, तर ती राजी आहे. म्हणजे होकार हा द्यायचा नसतोच. तो गृहीत धरलेलाच असतो, आणि नकार सिद्ध करण्याची जबाबदारी मुलीची.

हा दोष केवळ आपल्या मुलांचा आहे असे समजू नका. अमेरिकेत कॅन्सास विद्यापीठातील सुसान हिकमन आणि शार्लीन म्युलनहार्ड या दोन संशोधिकांनी तेथील विद्यार्थ्यांना विचारले होते की तुम्ही आपली संमती कशी दर्शवता. 1999 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलगे आणि मुली दोघांकडूनही सर्वांत अधिक वेळा आलेले उत्तर असे, की आम्ही विरोध करीत नाही, तीच संमती. त्याआधी, 1991 मध्ये, ओहायो राज्यातील अँटिओक नावाच्या लहानशा महाविद्यालयाने नियम केला होता की प्रत्येक पायरीवर तोंडी विचारले पाहिजे. साऱ्या देशाने त्या नियमाची टिंगल केली, दूरदर्शनवर त्याचे विडंबन झाले. पुढे 2014 साली कॅलिफोर्निया राज्याने उच्चशिक्षण संस्थांसाठी कायदाच केला की विरोधाचा अभाव किंवा मौन यांना संमती धरता येणार नाही. टिंगलीपासून कायद्यापर्यंत यायला तेवीस वर्षे लागली.

पण हा धडा शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही. तो आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूरच्या जंगलपट्टीत, एका आदिवासी मुलीने फार मोठी किंमत देऊन देशाला शिकवला आहे. आज विशीत असलेल्या मुलांना तिचे नाव माहीत नसते. म्हणून ही हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे.

26 मार्च 1972. गाव देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. मथुरा नावाची अनाथ मुलगी भावाजवळ राहून मजुरी करीत असे. वय डॉक्टरांच्या अंदाजाने 14 ते 16 च्या दरम्यान. एका तरुणाशी तिचे प्रेम जमले होते, लग्नाचा विचार होता. भावाला ते पसंत नव्हते, त्याने पोलीस चौकीत तक्रार केली. सर्वांना चौकीत बोलावले गेले, जबान्या झाल्या. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. बाकीच्यांना जायला सांगितले आणि मथुरेला थांबायला सांगितले. दार बंद झाले, दिवे गेले. बाहेर तिची माणसे हाका मारीत उभी होती. आत दोन पोलीस होते. त्यांतल्या एकाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने तिची छेड काढली, अशी तिची फिर्याद होती.

1974 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. मुलीला शरीरसंबंधाची सवय होती, तेव्हा ती राजी असली पाहिजे, असा एकूण सूर. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये तो निकाल फिरवला, आणि त्या निकालपत्रातला एक भेद आजही प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे. न्यायालयाने म्हटले की, भीतीपोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे. एका पोलिसाला पाच वर्षे व दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखम नाही, तिने प्रतिकार केल्याचा पुरावा नाही, तिला घेऊन जाताना तिने आरडाओरडा केलेला नाही, सबब संमती होती.

मित्रहो, माझ्या जवळच्या चिठ्ठ्या आठवा. "ती काही बोलली नाही." देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने 1978 मध्ये जे अनुमान काढले, तेच अनुमान आपली विशीतली मुले आजही काढतात. म्हणून मी मुलांवर फार रागावत नाही. मोठमोठ्यांची हीच समजूत होती.

बरोबर एक वर्षानंतर, 16 सप्टेंबर 1979 रोजी, चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना एक उघडे पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे दिल्ली विद्यापीठाचे, आणि वसुधा धागमवार पुणे विद्यापीठाच्या. चौघेही शिक्षक होते. त्यांचा मुद्दा साधा होता. संमतीत स्वीकार असतो. पण प्रत्येक वेळी मान खाली घालणे म्हणजे संमती असते असे नाही. रात्रीच्या वेळी, पोलीस चौकीत, बंद दाराआड एका गरीब अल्पवयीन मुलीने दोन पोलिसांना प्रतिकार करावा अशी अपेक्षा कोणत्या न्यायात बसते, असा त्यांचा सवाल होता. पत्र वर्गांत वाचले गेले, वर्तमानपत्रांत छापले गेले. 1980 साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ठिकठिकाणी मोर्चे निघाले. मथुरेचा निकाल काही बदलला नाही. पण 1983 साली कायदा बदलला. पोलीस कोठडी, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी सत्तेत असलेल्या माणसाने केलेल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पुढे, तिचे पूर्वीचे वर्तन काढून तिच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याची जी जुनी सोय पुराव्याच्या कायद्यात होती, तीही 2002 च्या दुरुस्तीने गेली.

दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या भयंकर घटनेनंतर 2013 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने संमतीची व्याख्याच कायद्यात लिहिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये तीच व्याख्या कायम आहे. तिचा मथितार्थ माझ्या शब्दांत सांगते. संमती म्हणजे स्त्रीने शब्दांनी, खुणेने किंवा अन्य रीतीने, निःसंदिग्धपणे आणि स्वेच्छेने, त्या विशिष्ट कृत्यासाठी दाखवलेली तयारी. आणि तेथेच पुढे म्हटले आहे की, केवळ तिने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. मथुरेच्या नावाचा उल्लेख कायद्यात नाही. पण ते वाक्य तिचे आहे असे मी मानते.

'त्या विशिष्ट कृत्यासाठी' या शब्दांवर मुलांनी थोडे थांबावे. तलावावर फिरायला येणे ही फिरायला येण्याची संमती आहे. गाडीवर बसणे ही गाडीवर बसण्याची. काल हो म्हटले म्हणून आज हो होत नाही. फोटो काढू दिला म्हणजे तो मित्रांना पाठवायला परवानगी दिली असे नाही. संहितेच्या कलम 77 मध्ये याविषयी स्पष्ट खुलासा आहे, आणि माझ्याकडे रडत येणाऱ्या मुलींत याच कारणाने येणाऱ्या पुष्कळ असतात. त्यांच्या बापांना आधी फोटो का काढू दिला याचा राग येतो. फोटो पसरवणाऱ्याचा राग मागाहून येतो. हा क्रम बदलला पाहिजे. नकार दिल्यावरही मागे मागे फिरणे, पुन्हा पुन्हा मेसेज करणे हा कलम 78 चा गुन्हा आहे, मग चित्रपटात नायक काहीही करो. नायिका शेवटच्या रिळात हसते, कारण पटकथा लिहिणाऱ्याने तिला हसायला सांगितलेले असते.

न्यायालये आता नेहमी अचूक असतात असेही म्हणवत नाही. 2017 मध्ये दिल्लीत एका परदेशी विद्यापीठाच्या संशोधक विद्यार्थिनीच्या फिर्यादीत उच्च न्यायालयाने आरोपीला संशयाचा फायदा दिला. पूर्वीची ओळख असलेल्या दोन सुशिक्षित व्यक्तींमध्ये दुबळ्या नकाराचा अर्थ काय लागेल हे सांगणे कठीण असते, अशा आशयाची मीमांसा त्या निकालात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो निकाल कायम ठेवला. आरोपी निर्दोष ठरला, तेव्हा त्याविषयी अधिक बोलणे योग्य नाही. पण नकार दुबळा असतो तेव्हा तो दुबळा का असतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आपल्या मुलींना आपण मोठ्याने नाही म्हणायला कधी शिकवले आहे?

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. 18 वर्षे पूर्ण नसतील तर कायद्याला तुमचा होकार ऐकूच येत नाही. 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये सतरा वर्षांच्या मुलीची राजीखुशी हा बचाव होत नाही, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा त्यात वर्षानुवर्षे अडकतो. ही वयाची अट कोठून आली याचा उगम आपल्याला परका नाही. याच कल्याणात 1865 मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी, पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो; त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले होते आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. तेव्हा कायद्यातले संमतीवय दहा होते. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावले गेले होते. ज्या विवाहाला मी कधी संमती दिली नाही त्यासाठी नांदायला जाणार नाही, अशी त्यांची भूमिका. 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. या वादळानंतर 1891 मध्ये संमतीवय बारा झाले. दहावरून बारा! एवढ्यासाठी पुण्यात सभा उधळली गेली होती.

आता आपल्या घराकडे वळते. मौन म्हणजे होकार ही समजूत आपल्या समाजात आणखी एका वाटेने येते, आणि त्यावर बोलणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुमारी मुलीचे मौन ही तिची इजाजत आहे, अशी हदीस आहे, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. पण ती कोणत्या प्रसंगी आहे? हजरत आयेशा (र.) यांनी पैगंबरसाहेबांना (स.) विचारले की कुमारी मुलगी लाजते, ती कशी बोलेल, त्यावरचे ते उत्तर आहे. म्हणजे आधी तिला विचारलेच पाहिजे हे तेथे गृहीत आहे. विचारल्यानंतरचे मौन, आणि तेही निकाहापुरते. हनफी फिकहच्या हिदाया या ग्रंथात तर पुढे म्हटले आहे की, वलीखेरीज अन्य कोणी विचारले असेल तर मौन पुरत नाही, मुलीने तोंडाने बोलले पाहिजे. जिचे पूर्वी लग्न झालेले आहे तिच्या बाबतीत तर बोलणेच लागते. हुंदके देऊन रडणे हा होकार होतो का, याचीही चर्चा फुकहांनी केली आहे. इतक्या बारकाईने ज्या गोष्टीचा विचार झाला, ती गोष्ट आपण 'गप्प आहे, म्हणजे हो' एवढ्या तीन-चार शब्दांत गुंडाळून मुलांच्या हाती दिली.

हदीसच्या ग्रंथांतच इतर प्रसंग आहेत. खन्सा बिन्त खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला. त्या पैगंबरसाहेबांकडे गेल्या आणि तो निकाह रद्द ठरवला गेला. दुसऱ्या एका मुलीने अशीच तक्रार केली, तिला निवडीचा अधिकार दिला गेला. तेव्हा तिने वडिलांनी केलेले मान्य केले. म्हणाली, बापांना असा अधिकार नाही हे बायकांना कळावे म्हणून मी आले होते. आणि बरीरा! गुलामीतून मुक्त झालेली स्त्री, तिला पतीजवळ राहायचे नव्हते, आणि पती मुगीस तिच्यामागे रडत फिरत होता. पैगंबरसाहेबांनी तिला परत जाण्याविषयी सुचवले. तिने विचारले, हा हुकूम आहे काय? उत्तर मिळाले, हुकूम नाही, शिफारस आहे. तर मग मला त्याची गरज नाही, असे ती म्हणाली, आणि तिच्यावर कोणी रागावले नाही. मुगीसच्या अश्रूंची कथा आपल्या मुलांना सांगा. मुलींना बरीरेची सांगाच, पण मुलांना मुगीसची सांगा. प्रेम खरे होते, अश्रू खरे होते, तरी नकार तो नकारच राहिला.

आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई मतात कुमारी मुलीच्या बाबतीत वडिलांना जादा अधिकार दिलेला आहे आणि तिला विचारणे मुस्तहब, म्हणजे पसंत केलेले, मानले आहे. हे मी लपवून ठेवणार नाही. पण आपल्या देशात न्यायालयांनी काय ठरवले तेही ऐका. सय्यद मोहिउद्दीन विरुद्ध खतिजाबाई या 1939 च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने वयात आलेल्या मुलीचा तिच्या संमतीशिवाय लावलेला निकाह अवैध ठरवला. आणि तिच्या इच्छेविरुद्ध शरीरसंबंध झाला म्हणून असा निकाह वैध होत नाही, हे तत्त्व आसफ फैजी यांच्यासारख्या कायदेपंडितांनी याच निकालाच्या आधारे नोंदवले. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. जबरदस्तीच्या संबंधातून संमती जन्माला येत नाही, हे आपल्याच निकाहाच्या खटल्यात मथुरेच्या किती तरी आधी मान्य झाले होते. दिल्लीमुंबईच्या कायद्याच्या वर्गांतही हा निकाल फारसा कोणी सांगत नाही.

आणि आता आपल्या लग्नघरात डोकावून पाहा. वकील (माझ्यासारखे न्यायालयातले नव्हेत, निकाहातले) आणि दोन गवाह आतल्या खोलीत येतात. खोलीत पंधरावीस बायका, दाराशी पोरे, बाहेर व्हिडिओवाला घाई करतो आहे, बिर्याणीची डेग उतरलेली आहे. मुलाचे नाव, बापाचे नाव, मेहरची रक्कम सांगितली जाते आणि विचारले जाते, कबूल आहे का? मुलगी ओढणीआड मान खाली घालून बसलेली. एखादी फुफी तिचे डोके मागून हलकेच दाबते, मान हलते, आणि सगळ्या म्हणतात, हो म्हणाली, हो म्हणाली! सही मागाहून होते. आपल्यापैकी कितीजणींनी हे पाहिले आहे? हसू नका. त्याच खोलीच्या दाराशी दहा वर्षांचा मुलगा उभा असतो. तो पाहतो की मुलीचा होकार दुसऱ्या कोणी तरी हलवून घ्यायचा असतो. तोच मुलगा आठ वर्षांनी माझ्या चिठ्ठीवर लिहितो, "ती काही बोलली नाही."

ज्या समाजाजवळ साक्षीदारांसमक्ष, नाव घेऊन, अटी सांगून, मोठ्याने विचारण्याची रीत आहे, त्याला संमतीचा अर्थ बाहेरून शिकवावा लागू नये. रीत आहे, तिच्यातला प्रश्न हरवला आहे. जुनी माणसे तीनदा विचारीत, ते काही उगाच नव्हे. पहिल्यांदा लाज, दुसऱ्यांदा विचार, तिसऱ्यांदा उत्तर, असा त्याचा अर्थ मी तरी लावते. माझी सूचना अशी की, विचारतेवेळी खोली रिकामी करावी. मुलगी ज्या दोघींना थांबायला सांगेल त्याच थांबाव्यात. आणि तिने नाही म्हटले तर मंडपात काय करायचे, हे बापाने आदल्या रात्री मनाशी ठरवून ठेवावे. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

लग्नानंतरचे थोडक्यात. पत्नी 18 वर्षांपेक्षा मोठी असेल तर पतीच्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा बलात्कार म्हणत नाही. या अपवादावर 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ ही हिंसाच आहे, आणि त्याखाली पत्नीला संरक्षण मागता येते.

महाविद्यालयात काही घडले तर काय करायचे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. अध्यक्षा महिला प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, विद्यार्थ्यांचा प्रश्न असेल तेव्हा तीन विद्यार्थी प्रतिनिधी, आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीबद्दल चार प्रश्न विचारावेत आणि पाचवा या समितीबद्दल विचारावा. समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली नसतील तर ती का नाहीत हेही विचारावे. तातडीच्या मदतीला 112, आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी 1098.

भाषण संपल्यावर एका विद्यार्थ्याने उभे राहून प्रश्न विचारला. थोडे हसे झाले, पण प्रश्न खरा होता, म्हणून तो येथे देते. तो म्हणाला, "मॅडम, लग्नाबद्दल विचारायचे असले तरी मुलीला विचारायचे कसे? विचारले तरी लोक म्हणतात छेड काढली."

मी त्याला सांगितले : ज्या जागी तिला नाही म्हणणे सोपे जाईल, त्या जागी विचार. मित्रांचे टोळके मागे उभे करून विचारू नकोस. शेवटची लोकल गेली आहे आणि ती घरी पोचायला तुझ्या गाडीवर अवलंबून आहे, अशा वेळी विचारू नकोस. दिवसाउजेडी, कल्याण स्टेशनबाहेर, जेथून ती उत्तर देऊन स्वतःच्या पायांनी रिक्षाच्या रांगेकडे जाऊ शकेल, तेथे एकदा विचार. ती नाही म्हणाली, किंवा काहीच न बोलता रिक्षात बसली, तर तू प्लॅटफॉर्मवर जा आणि तुझी गाडी पकड.

"आणि हो म्हणाली तर?" त्याने विचारले.

तर घरी जाऊन आईला सांग, असे मी म्हणाले. त्याची आई तिसऱ्या रांगेत बसली होती.